आधी तयारी, मग दार: रोलप्लेइंग गेममध्ये योजना आखून कसं खेळायचं

माझ्या पहिल्या मोठ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेत, आमच्या पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाला) एका व्यापाऱ्याच्या हवेलीतून हिशेबाची वही पळवायची होती. सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, चार तासांचं. त्यातले अडीच तास आम्ही योजना करण्यात घालवले. नकाशा काढला, कोण कुठून शिरणार ते ठरवलं, पहारेकरी कधी पेंगत असतील यावर तावातावाने वाद घातला. शेवटी एकदाची भिंतीवरून आत उडी मारली आणि अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. कुत्र्याचा विचार कुणीच केला नव्हता. दहा मिनिटांत योजना मोडली आणि उरलेलं सेशन आम्ही नुसते पळत होतो.

त्यानंतर आमच्यातल्या दोघांचं मत पक्कं झालं की योजना करणं म्हणजे वेळ घालवणं, दार दिसलं की लाथ घालावी. मला ते पटलं नाही. घरी येऊन मी आठवून पाहिलं, तर अडीच तासांत आम्ही जीएमला, म्हणजे खेळातलं जग चालवणाऱ्या गेम मास्टरला, एकदाही विचारलं नव्हतं की रस्त्यावरून डोकावलं तर अंगणात काय दिसतं. ज्याला आम्ही तयारी म्हणत होतो ते सगळं अंदाजांवरचं भांडण होतं.

तेव्हापासून मी खेळाडू म्हणून आणि जीएम म्हणून आधी खरी माहिती, मग योजना याच पद्धतीने खेळते. दोन-चार सेशन खेळलेल्या, लढाईपेक्षा लढाईच्या आधीचा भाग जास्त आवडणाऱ्या, पण टेबलावर तो कसा खेळायचा हे न कळणाऱ्या खेळाडूंसाठी हे लिहिते आहे. तयारी हा खेळ सुरू होण्याआधीचा भाग आहे असं समजू नका. तोच खेळ आहे. पात्रं जगात फिरत असतात, माणसांशी बोलत असतात, धोके पत्करत असतात. हे एकदा पटलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

## १. तुमचा गेम तयारीला काय देतो ते बघा

प्रत्येक गेममध्ये तयारीचा अर्थ वेगळा असतो, आणि नवे खेळाडू सर्वात जास्त इथेच अडखळतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं. त्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या खजिन्यावर मिळायचे, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. राक्षस मारून त्या मानाने फारच थोडे मिळत. म्हणजे राक्षसाला झोपेत ठेवून त्याच्या उशाखालची थैली काढणारा खेळाडू त्याच्याशी लढणाऱ्यापेक्षा शहाणा ठरायचा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत डंजनमधला, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारातला, वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात. मशाल ६ टर्न चालते, कंदिलातलं तेल २४ टर्न. दर दोन टर्नला जीएम सहा बाजूंचा फासा टाकतो आणि १ आला तर भटका राक्षस येतो. खोली नीट शोधायची तर उजेड खर्च होणार आणि राक्षस येण्याची शक्यता वाढणार. दोर, मशाली, लांब काठी, परतीचा नकाशा हे सगळं इथे जीव वाचवणारं आहे. तयारीने खेळण्याची परंपरा या हिशेबातूनच आली.

याच गेमची २०१४ ची पाचवी आवृत्ती याहून मऊ आहे. पात्रं टणक असतात आणि आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर (लांब विश्रांतीनंतर) सगळे हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, परत येतात. तयारी तिथेही उपयोगी पडते, पण तिच्याशिवायही बऱ्याचदा निभावून जातं. १९८१ च्या कॉल ऑफ थुलू या भयकथांच्या गेममध्ये पात्रं साधी माणसं असतात आणि समोर येणारी गोष्ट गोळीने मरेलच याची खात्री नसते, त्यामुळे ग्रंथालयात बसून जुने कागद चाळणं हीच तयारी. तिथे ग्रंथालय वापरणं हे चक्क पात्राचं एक कौशल्य आहे. १९८९ च्या शॅडोरनमध्ये कामगिरीच्या आधी ओळखीपाळखीतून माहिती काढण्याला लेगवर्क म्हणतात आणि कित्येकदा सेशनचा मोठा हिस्सा त्यात जातो.

आणि मग २०१७ चा ब्लेड्स इन द डार्क, जिथे हे सगळं उलटं होतं. तिथे सविस्तर योजना करायचीच नसते. हल्ला, फसवणूक, चोरपावलं असा योजनेचा प्रकार निवडायचा, त्याचा एक तपशील सांगायचा, उदाहरणार्थ कुठून शिरणार, आणि फासे टाकून थेट कृतीच्या मध्यात उतरायचं. वाटेत अडचण आली की फ्लॅशबॅक घ्यायचा: "काल मी या पहारेकऱ्याला पैसे चारले होते." त्याची किंमत स्ट्रेसमध्ये, म्हणजे पात्रावर साचणाऱ्या ताणाच्या गुणांत, मोजायची: साध्या गोष्टीला शून्य, जरा अवघड गोष्टीला एक, फार गुंतागुंतीच्या गोष्टीला दोन किंवा जास्त. सामानही आधी ठरवायचं नाही. हलकं ओझं ३, मध्यम ५, जड ६ एवढंच निवडायचं आणि वस्तू लागेल तेव्हा ती काढायची. गमशू या तपासाच्या कथांसाठीच्या नियमपद्धतीवरच्या काही गेममध्येही प्रिपेअर्डनेस नावाची क्षमता असते, ती वापरून "माझ्या बॅगेत हे आहेच" असं म्हणता येतं.

अशा गेममध्ये तुम्ही तासभर नकाशा काढत बसलात तर ते नियमांच्या विरुद्ध पोहणं होईल. तिथे तुमचं पात्र योजना करणारं असू शकतं, तुम्हाला टेबलावर बसून ती करावी लागत नाही. काही लोकांना हे फसवणुकीसारखं वाटतं. मला नाही वाटत, पण दोन्हींची गोडी निराळी आहे. कोडं स्वतः सोडवायचं असेल तर पहिल्या प्रकारचे गेम निवडा. सराईत चोर असल्याचा अनुभव हवा असेल तर दुसऱ्या प्रकारचे.

कॅम्पेन सुरू होण्याआधी जीएमला हे नक्की विचारा: लढाया आमच्या ताकदीला बेतलेल्या असतील, की जगात जे आहे ते आहे आणि टाळायचं की भिडायचं ते आम्ही ठरवायचं? वेळ, उजेड, ओझं यांचा हिशेब ठेवणार का? आणि योजना करायला टेबलावर किती वेळ मिळालेला चालेल? उत्तरं कोणतीही असोत, ती आधी माहीत असणं महत्त्वाचं. लढाईकडे बरोबरीचा सामना म्हणून बघणाऱ्या टेबलावर तुम्ही शत्रूच्या छावणीला रात्री आग लावलीत तर बाकीच्यांना तुम्ही खेळ बिघडवला असं वाटू शकतं.

## २. जवळ काय ठेवायचं

फार काही लागत नाही.

- एक वही, फक्त या कॅम्पेनसाठी
- चौकटीचा कागद, नकाशासाठी
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, नकाशा चुकतोच
- पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं
- वेळ लावायला घड्याळ किंवा फोन
- पात्राची शीट, आणि तिच्यावर सामानाची खरी, ताजी यादी

शेवटची वस्तू सर्वात दुर्लक्षित असते. अर्ध्याहून जास्त खेळाडूंच्या शीटवर पहिल्या दिवशी उतरवलेली यादी तशीच असते, आणि ऐन वेळी दोर मागच्या विहिरीतच राहिला होता की नव्हता यावर चर्चा सुरू होते.

## ३. माहिती काढा

ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. उपलब्ध वेळातला निम्म्याहून जास्त वेळ इथे गेला तरी चालेल.

वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे "माहीत आहे", उजवीकडे "वाटतं आहे". टेबलावर कुणी म्हणालं, "पहारेकरी चारच असतील", की विचारा, हे कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नसेल तर ते उजवीकडे. आमच्या त्या हवेलीच्या योजनेचं पान आज असं केलं तर डावा रकाना जवळजवळ रिकामा राहील. उजव्या रकान्यातल्या ज्या गोष्टीवर सगळी योजना उभी आहे, ती आधी डावीकडे आणायची. तिच्यासाठीच टेहळणी करायची.

नेमकं काय शोधायचं? मी दर वेळी याच प्रश्नांपासून सुरुवात करते:

आत कोण आहे आणि किती? ते कधी बदलतात, कधी जेवतात, कधी झोपतात? संकट आलं तर मदत कशी बोलावतात, आणि ती किती वेळात येते? आत-बाहेर जायच्या वाटा किती, आणि त्यातली वापरात नसलेली कोणती? जनावरं आहेत का? इथल्या माणसांना कशाची भीती आहे, कशाची हाव आहे, कुणाचा राग आहे?

शेवटचा प्रश्न नवे खेळाडू विचारतच नाहीत, आणि सर्वात चांगल्या योजना त्यातूनच निघतात. भिंत किती उंच आहे हे कळून तुम्हाला शिडी सुचेल. स्वयंपाकिणीचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे हे कळलं तर मागचं दार आतूनच उघडेल.

माहिती मिळवायचे मार्ग प्रत्येक पात्राकडे असतात. बोलघेवडं पात्र नोकरांशी गप्पा मारेल, चोर छपरावरून बघेल, विद्वान जुने दस्तऐवज शोधेल, योद्धा पहाऱ्यावर नोकरी मागायला जाईल आणि आतून शस्त्रागार बघून येईल. पाचव्या आवृत्तीत फाइंड फॅमिलियर हे स्पेल (जादूचा मंत्र) तयारी करणाऱ्यासाठी वरदान आहे. ते टाकायला एक तास लागतो, पण एकदा त्यातून घुबडासारखं सोबतीचं जनावर मिळालं की १०० फुटांच्या आत तुम्ही त्याच्या डोळ्यांनी बघू शकता. तेवढा वेळ तुमचं स्वतःचं पात्र आंधळं आणि बहिरं असतं, म्हणून शेजारी कुणीतरी उभं ठेवा.

आता जीएमला प्रश्न कसा विचारायचा ते. नुसता प्रश्न विचारू नका, त्यामागचा हेतूही सांगा. "मागच्या बाजूला झाड आहे का?" असं विचारलंत तर जीएम विचारात पडतो, कारण तुम्हाला झाड कशाला हवं हे त्याला माहीत नाही. "मला छपरावर जायचं आहे, झाड किंवा पाण्याचा नळ असं चढायला काही आहे का?" असं विचारलंत तर तो म्हणेल, झाड नाही, पण तबेल्याचं छप्पर बुटकं आहे. बरेच खेळाडू बेत जीएमपासून लपवतात, त्याला कळला तर तो मोडून काढेल या भीतीने. जीएम तुमचा प्रतिस्पर्धी नाही. तुमचा बेत त्याला कळला नाही तर तो चालेल की नाही हे तो न्यायाने ठरवूच शकणार नाही.

दुसरा उपयोगी प्रश्न: "माझ्या पात्राला याबद्दल काय माहीत असेल?" तुम्ही आयुष्यात कधी किल्ल्याचा पहारा केला नसेल, पण दहा वर्षं सैन्यात काढलेल्या तुमच्या पात्राला पहारे कसे बदलतात हे ठाऊक असणारच.

इथला धोका असा की टेहळणीलाही किंमत असते. रोज तोच भिकारी दारात दिसला तर पहारेकऱ्यांना संशय येतो. शत्रूही हातावर हात धरून बसलेला नसतो. सगळे प्रश्न सुटेपर्यंत थांबायचं ठरवलंत तर कधीच निघणार नाही. मुळावरचे दोन-तीन प्रश्न सुटले की पुढे सरका.

## ४. काय साधायचं ते एका वाक्यात लिहा

कार्डावर एक वाक्य. "वही आणायची." त्यात "पहारेकऱ्यांना धडा शिकवायचा" किंवा "जमल्यास तिजोरीही" असं काही शिरलं तर ते पार्टीत आधीच बोलून घ्या. अर्ध्या योजना मोडतात त्या शत्रूमुळे नाही. ऐन वेळी एका पात्राला तिजोरी दिसते आणि ते वळतं, म्हणून मोडतात.

## ५. योजना तीन ओळींत बसवा

पहिली ओळ: आत कसे शिरणार. दुसरी: काम नेमकं कोण करणार आणि बाकीचे तेव्हा काय करत असणार. तिसरी: बाहेर कसे पडणार, आणि कोणत्या खुणेवर. तीन ओळींत बसत नसेल तर योजना गरजेपेक्षा मोठी झाली आहे.

मोठ्या योजना का मोडतात हे फाशांच्या हिशेबाने बघा. समजा तुमच्या योजनेत एकापाठोपाठ चार कामं आहेत, आणि प्रत्येक काम जमायची शक्यता ७० टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण चारही जमायची शक्यता ०.७ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे फक्त २४ टक्के. पार्टीतल्या चौघांनी वेगवेगळा फासा टाकून चोरपावलांनी जायचं, आणि एकाचा जरी चुकला तरी सगळे पकडले जाणार, असं असेल तरी हिशेब हाच. चिलखत घालून घंटेसारखा वाजणारा गडी कुणाच्या ना कुणाच्या पार्टीत असतोच, म्हणजे प्रत्यक्षात शक्यता याहूनही कमी.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पाचव्या आवृत्तीतला सामूहिक चाचणीचा नियम. त्यात निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी धरतात. वरच्याच चौघांना तो लावला तर शक्यता २४ वरून सुमारे ९२ टक्क्यांवर जाते. तुमचा जीएम तो वापरतो का, हे योजनेआधी विचारून घ्या. दुसरा, सगळ्यांनी एकच काम करण्याऐवजी ज्याला जे येतं तेच त्याने करायचं: वाजणारा गडी पुढच्या दारात भांडण काढेल, तेवढ्यात चोर मागून जाईल.

तिसरा उपाय मला सर्वात प्रिय आहे: फासा टाकायची वेळच येऊ नये अशी तयारी. पाचव्या आवृत्तीत अॅडव्हांटेज मिळालं तर २० बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेतात. ५० टक्क्यांची गोष्ट ७५ वर जाते. छान आहे. पण स्वयंपाकिणीने कडी आतून काढून ठेवली असेल तर कुलूप उघडायचा फासाच नाही. दोराची शिडी आधी बांधून ठेवली असेल तर चढायचा फासा नाही. तयारीतलं प्रत्येक पाऊल हे एका फाशाला सुट्टी देणारं असावं, अशा नजरेने योजनेकडे बघा. अनुभवी खेळाडू कमी फासे टाकताना दिसतात ते यामुळे.

योजनेवर शेवटची नजर टाकताना एक प्रश्न विचारा: अशी कोणती एक गोष्ट चुकली तर सगळं कोसळेल? तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी, पर्याय ठरवा. प्रत्येक पावलाला पर्याय आणि त्या पर्यायाला पर्याय असं करत गेलात तर परत अडीच तास.

## ६. सामान आणि स्पेल

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, म्हणून खरेदी शहरात असतानाच करा. जादूच्या तलवारीपेक्षा या साध्या वस्तूंनी मला जास्त वेळा वाचवलं आहे.

दोर, ५० फूट. चढायला, उतरायला, कैदी बांधायला, दार बाहेरून अडकवायला. लांब काठी, १० फूट. पुढची फरशी चाचपायला आणि संशयास्पद वस्तूला लांबूनच ढोसायला. खडू, आलेली वाट खुणावायला. छोटा आरसा, कोपऱ्यापलीकडे बघायला. लोखंडी खिळे आणि हातोडा, मागचं दार ठोकून बंद करायला, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही. दोरा आणि घंटी, झोपायच्या जागेभोवती. तेल, उजेडासाठी आणि आगीसाठी. रिकाम्या गोण्या, कारण लूट मिळाल्यावर ती भरायची कशात हा प्रश्न हटकून पडतो.

पाचव्या आवृत्तीत लोखंडी गोळ्यांची एक पिशवी १० फूट बाय १० फूट जागा निसरडी करते आणि तिचं वजन फक्त दोन पाउंड. पाठलाग होणार असेल तर परतीच्या वाटेवरचा अरुंद बोळ आधीच हेरून ठेवा आणि पळताना ती तिथे ओता. त्याच आवृत्तीत मशाल एक तास जळते, तर कंदील एका कुपीभर तेलावर सहा तास. लांबच्या मोहिमेला कंदीलच न्या.

ओझ्याचा हिशेब जीएम ठेवत असेल तर तुम्हीही ठेवा. पाचव्या आवृत्तीत ताकदीच्या आकड्याला १५ ने गुणलं की पात्र किती पाउंड वाहू शकतं ते कळतं; ताकद १० असेल तर १५०. पण लूट याच हिशेबातून जाते. जाताना पूर्ण लादून गेलात तर येताना हात हलवत यावं लागेल.

स्पेल निवडताना लढाईची दोन कमी करून एक माहितीचं आणि एक निसटण्याचं ठेवून बघा. २०१४ च्या नियमांत विझार्ड (ग्रंथातून जादू शिकणारं पात्र) रोज आपल्या लेव्हलमध्ये बुद्धिमत्तेचा मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून ठरणारी भर, मिळवून येईल तेवढी स्पेल तयार ठेवू शकतो. तिसऱ्या लेव्हलचा, बुद्धिमत्ता १६ असलेला विझार्ड म्हणजे तीन अधिक तीन, सहा. पण रिच्युअल प्रकारची स्पेल त्याच्या ग्रंथात असली की पुरतं, ती तयार यादीत असावी लागत नाहीत; दहा मिनिटं जास्त लागतात आणि स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्च होत नाही. डिटेक्ट मॅजिक अशा रीतीने वापरता येतं. क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणाऱ्या पात्राला, मात्र रिच्युअल आधी तयार करावंच लागतं. हा फरक न कळल्याने अनेक नवे क्लेरिक ऐन वेळी अडतात.

## ७. टेबलावरचा वेळ सांभाळा

घड्याळ लावा. वीस मिनिटं पुरतात. माहिती काढताना पात्रं जगात वावरत असतात, तो वेळ यात धरू नका. वीस मिनिटं ही खेळाडूंनी एकमेकांशी बोलून ठरवण्यासाठी. वेळ संपला आणि एकमत झालं नसेल तर हातात असलेली सर्वात साधी योजना घेऊन निघा.

एकाने नोंदी घ्याव्यात आणि दर पाच मिनिटांनी मोठ्याने वाचाव्यात: आतापर्यंत हे ठरलं, एवढं राहिलं. याने तेच तेच मुद्दे पुन्हा निघत नाहीत.

आणि आता तुम्हालाच सांगते, कारण हा लेख इथपर्यंत वाचणारा माणूस बहुधा टेबलावरचा सर्वात उत्साही योजनाकार असतो. तुम्ही इतरांची पात्रं चालवू नका. "तू इथे उभा राहा, तू हे स्पेल टाक, तू गप्प बस" असं सुरू झालं की बाकीचे तिघं प्रेक्षक होतात. त्यांना तुमच्या हुशारीचा कंटाळा येतो, आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम दाराला लाथ घालतात. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा: "यात तुझ्या पात्राला काय करायला आवडेल?" मिळालेली उत्तरं जोडून जी योजना होईल ती तुमच्या एकट्याच्या योजनेपेक्षा थोडी कच्ची असेल, पण ती राबवताना चौघंही जीव ओततील. गप्प बसणाऱ्या खेळाडूला सर्वात आधी विचारा, शेवटी नाही.

## ८. मोडली की सोडा

योजना कुठे ना कुठे मोडणार. तेव्हा मोडलेली योजना डागडुजी करत पुढे रेटण्याचा मोह होतो. इथेच पात्रं मरतात. म्हणून आधीच एक खूण ठरवा, शिट्टी किंवा ठरावीक शब्द, आणि ती कुणीही दिली तर वाद न घालता सगळे तिसऱ्या ओळीवर जाणार, म्हणजे बाहेर. खूण देण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. "अजून दोनच खोल्या राहिल्या होत्या" ही चर्चा बाहेर पडल्यावर करा.

झडप घालायची वेळ आलीच तर तयारीचा पहिला फायदा हा की पहिला क्षण तुमचा असतो. २०१४ च्या नियमांत बेसावध गाठलेला शत्रू पहिल्या फेरीत हलू शकत नाही, काही करूही शकत नाही. तेवढ्यात लढाई संपवता येते का बघा. नसेल, तर तोच वेळ पळायला वापरा.

## ९. जीएम असाल तर

खेळाडू तयारीने खेळायला लागले की जीएमवर एक जबाबदारी येते: दिलेली माहिती खरी राहू द्या. त्यांनी दोन रात्री जागून पहारा मोजला आणि ऐन वेळी तुम्ही केवळ रंगत यावी म्हणून चार पहारेकरी वाढवलेत, तर त्यांना कळतं. पुढच्या वेळी ते माहिती काढणार नाहीत, कारण काढून उपयोग नाही. हवेलीत काय आहे ते आधी लिहून ठेवा आणि त्याला चिकटून राहा. गुंतागुंत हवी असेल तर ती शोधली असती तर सापडली असती अशी हवी. आमच्या जीएमच्या वहीत तो कुत्रा पहिल्या दिवसापासून होता, रस्त्यावरूनही दिसला असता. म्हणूनच तो अन्याय वाटला नाही.

योजना बिनबोभाट पार पडली तर पडू द्या. एकही तलवार न उपसता वही मिळाली, सेशन तासभर आधी संपलं, तरी खेळाडू त्याबद्दल वर्षानुवर्षं बोलतात.

टेहळणी अनंत चालू नये म्हणून ब्लेड्स इन द डार्कमधली घड्याळं कोणत्याही गेममध्ये वापरता येतात. कागदावर वर्तुळ काढून त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करा, वर लिहा "हवेलीला संशय येतो". प्रत्येक दिवशी किंवा प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला एक भाग काळा करा, आणि ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा. खेळाडू स्वतःच म्हणतात, आता निघूया.

## १०. सेशननंतरची दहा मिनिटं

दोन रकान्यांचं पान पुन्हा काढा. उजवीकडचा कोणता अंदाज चुकला त्यावर खूण करा. वापरलेलं सामान शीटवरून खोडा, मशाली मोजा. भेटलेल्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ: कुणाचं आपल्यावर देणं आहे, कुणाला आपला राग आहे.

त्या हवेलीत आम्ही चार सेशननंतर परत गेलो. कार्डावर तीन ओळी होत्या आणि वहीच्या डाव्या रकान्यात स्वयंपाकिणीचं नाव, थकलेला पगार आणि कुत्रा कुणाच्या हातून खातो हे लिहिलं होतं. मागच्या दाराने आत गेलो, वही घेतली, अकरा मिनिटांत बाहेर. स्वयंपाकीण आमच्याबरोबर निघाली, कारण तिला आता तिथे राहणं शक्य नव्हतं, आणि पुढचं सगळं कॅम्पेन तिच्या भावाच्या खानावळीच्या वरच्या खोलीत बसून आम्ही योजना आखल्या.